‘काच फुटली’ की ‘काच फोडली’: घटनेतला कर्ता कसा ओळखायचा

तुमचा प्रश्न असा आहे: संग्रहाच्या नोंदी सिडॉक सीआरएममध्ये (संग्रहालयांच्या आणि वारशाच्या माहितीसाठीच्या संकल्पनांच्या आराखड्यात) बसवताना माणसाला घटनेशी जोडायला पी११ (‘सहभागी होते’) हा गुणधर्म, म्हणजे नातं, असताना पी१४ (‘यांनी पार पाडली’) वेगळा कशासाठी? सगळ्यांना पी११ लावून भूमिका शेजारी शब्दांत लिहिली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. आधी मराठीतच बघा. ‘काच फुटली’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘काच फोडली’ म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न आलाच. पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, मरणं-मारणं, सगळीकडे हेच. सीआरएममध्ये ‘ई’ने वर्ग आणि ‘पी’ने त्यांना जोडणारे गुणधर्म दाखवतात. त्यातली ई५ घटना पहिल्या क्रियापदासारखी आहे आणि ई७ कृती दुसऱ्यासारखी. प्रत्येक कृती ही घटना असते, पण प्रत्येक घटना कृती नसते. पी१४ फक्त कृतीला लागतो. भूकंपात सापडलेल्यांना पी११ लावता येतो. पी१४ लावायला तिथे जागाच नाही.

पी१४ लावला की त्या माणसावर कार्यकारणाची किंवा कायद्याची जबाबदारी येते. पी११ एवढंच सांगतो की त्या वेळी, त्या ठिकाणी हा माणूस घटनेत होता. व्यक्तिचित्रासाठी समोर बसलेली व्यक्ती चित्रनिर्मितीत सहभागी असते, पण चित्र तिने काढलेलं नसतं. शिवाय पी१४ हा पी११चाच उपगुणधर्म, म्हणजे त्याचाच अधिक नेमका प्रकार आहे. म्हणजे ‘कोण कोण होतं?’ असं विचारल्यावर कर्तेही उत्तरात येतात, त्यांची नोंद दोनदा करावी लागत नाही. उलट दिशेने मात्र वाट नाही: पी११वरून कर्ता कधीच काढता येत नाही. भूमिका नुसती मजकुरात ठेवलीत तर ती माणसाला वाचता येईल, पण यंत्राला त्या शब्दावरून जबाबदारी कळणार नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. एका जुन्या छायाचित्रसंग्रहाच्या नोंदी करताना सभेच्या फोटोत ओळखू आलेल्या प्रत्येकाला मी पी१४ लावला. पुढे एका अभ्यासकाने सभा कोणी भरवली ते विचारलं, तर श्रोत्यांसकट सगळी नावं आयोजक म्हणून बाहेर आली. ती आपलीशी वाटणारी माणसं आणि त्यांच्यावर कोणताही पुरावा नसताना मी कर्तेपण लादलं होतं, हे मला फार लागलं. तेव्हापासून माझा नियम एकच: स्रोत गप्प असेल तर पी११. पुढे कागद सापडला तर पी१४ करता येतो. आधीच पी१४ लावून ठेवलात तर तो पुराव्यावरून लावला की अंदाजाने, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

करवून घेणाऱ्याचं काय? पाणिनीने ‘स्वतन्त्रः कर्ता’ (क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता) म्हटल्यावर लगेच पुढच्या सूत्रात कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला ‘हेतु’ ही वेगळी संज्ञा दिली आणि त्याचं कर्तेपणही राखलं. मीही तसंच करतो. चित्र काढायचं काम सोपवणं ही स्वतंत्र ई७ कृती, तिला स्वतःचा पी१४, आणि ती चित्रनिर्मितीला जोडायची. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीच्या २०१३च्या प्रोव्ह शिफारशीत (माहिती कुठून, कशी आली ते नोंदवायच्या मानकात) यासाठी ‘अमुकाच्या वतीने’ असं थेट नातंच आहे. प्रोव्ह संगणकप्रणालीलाही कर्ता मानतं. सीआरएम मानत नाही, कारण तिथे जाणूनबुजून कृती करून तिची जबाबदारी घेऊ शकणारा माणूस किंवा गट लागतो. दोन्ही एकत्र वापरणार असाल तर हा फरक नक्की अडवेल.

खरेदी-विक्री सोपी आहे: मालकी देणारा आणि घेणारा दोघेही पी१४च्या उपगुणधर्मांनी जोडले जातात, दोघेही कर्तेच.

जन्म मात्र शांतपणे बघा. ती ई५च्या बाजूची घटना आहे, कृती नाही, त्यामुळे तिला कर्ता नसतो. आई पी९६ने (जन्म आईशी जोडणाऱ्या गुणधर्माने) जोडली जाते आणि तो पी११चा उपगुणधर्म आहे. वडिलांना जोडणारा पी९७ तसा नाही, कारण बाळ जन्मताना ते तिथे असतीलच असं नाही. हयात असतील असंही नाही. सुईण किंवा डॉक्टर नोंदवायचे असतील तर प्रसूतीची मदत ही वेगळी कृती करा आणि पी१४ तिथे लावा.