सासऱ्यांची गोरखा पेन्शन : नव्या दाव्यासाठी पैसे भरावेत का?

प्रश्न : माझे सासरे नेपाळचे. ब्रिटिश सैन्यात १५ वर्षे गोरखा शिपाई होते, १९९१ मध्ये निवृत्त झाले. आता सासूबाईंसह आमच्याकडे ब्रिटनमध्ये ऑल्डरशॉटला कायमचे राहतात. पेन्शन इंग्रज शिपायापेक्षा फारच कमी. 'समान पेन्शन'चा नवा दावा लावतो म्हणून एक गृहस्थ घरटी पैसे गोळा करत आहेत. भरावेत का?

उत्तर : ताई, भरू नका.

हा दावा लढून झाला आहे. इंग्लंडच्या न्यायालयांत गोरखे २००३ मध्ये हरले, २०१० मध्ये पुन्हा हरले. मग प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १५ सप्टेंबर २०१६ च्या निकालात तिथेही भेदभाव मान्य झाला नाही. वागणूक वेगळी होती हे न्यायालयाने नाकारले नाही, पण त्याला सबळ कारण आहे असे ठरवले.

कारण असे. गोरखा योजना भारतीय सैन्याच्या वेतनश्रेणीला बांधलेली होती आणि शिपाई निवृत्तीनंतर नेपाळात राहील हे त्यात गृहीत होते. गोरखा पलटणींच्या ब्रिगेडचा तळ हाँगकाँगहून ब्रिटनला आला तो १ जुलै १९९७ ला. म्हणून त्या दिवशी सेवेत असलेल्यांना किंवा नंतर निवृत्त झालेल्यांनाच २००७ मध्ये ब्रिटिश योजनेत जाता आले, सासरे त्याआधीचे. शिवाय १५ वर्षांच्या सेवेवर त्यांची पेन्शन लगेच, म्हणजे ऐन तिशीत सुरू झाली असणार. तेवढ्याच सेवेच्या इंग्रज शिपायाला साठीपर्यंत थांबावे लागले असते. लगेच पेन्शन हवी तर २२ वर्षे सेवा लागे. सरकारचा सगळा भर या हिशेबावर होता.

मला स्वतःला हा हिशेब पटत नाही. लवकर मिळाले म्हणून आयुष्यभर कमी, हे कागदावर जमते. पण २००९ मध्ये याच जुन्या गोरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायची मुभा दिल्यावर नेपाळातल्या खर्चाचा आधार उरतो कुठे? तरी हा लढा आता संसदेतला आणि रस्त्यावरचा आहे. २०२१ मध्ये डाउनिंग स्ट्रीटसमोर माजी सैनिकांनी उपोषण केले, ते त्यासाठीच. त्या आंदोलनाला खुशाल मदत करा, पण कोर्टकचेरीच्या नावाने पैसे देऊ नका. त्या गृहस्थांना एवढेच विचारा : सॉलिसिटर कोण, आणि नवा कायदेशीर मुद्दा कोणता?

तुमचे खरे काम दुसरीकडे आहे. सासऱ्यांनी पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या पूरक मदतीचा, अर्ज केला आहे का? ब्रिटनमध्ये कायम राहणाऱ्या, सरकारी पेन्शनचे वय झालेल्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला ते मिळते. गोरखा पेन्शन उत्पन्न म्हणून दाखवावीच लागते. आणि नेपाळला सहसा चार आठवड्यांहून जास्त राहिल्यास ते बंद होते. दसऱ्याला गावी जाताना हे विसरू नका.

दुसरे, सैन्यातल्या 'किंड्रेड रोल'मध्ये, म्हणजे शिपायाच्या कुटुंबीयांच्या नोंदीत, सासूबाईंचे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का पाहा. जुळत नसेल तर सासरे हयात असतानाच, त्यांच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज द्या. नंतर विधवा पेन्शनसाठी एकट्या सासूबाईंनी लग्न सिद्ध करत बसणे फार जड जाते.