उंचावरच्या पेरभातावर (चिखलणी न करता थेट पेरलेल्या भातावर) जस्त, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली तर उत्पादन खरंच वाढतं का, की ते वाणावर असतं?

जमिनीत कमतरता असेल तर वाढतं, नसेल तर फवारणीचा खर्च वाया, वाण कितीही भारी असला तरी. त्यामुळे आधी माती तपासून घ्याच. पिकाला मिळण्याजोगं जस्त 0.6 पीपीएमच्या (म्हणजे किलोभर मातीत 0.6 मिलिग्रॅमच्या) खाली किंवा लोह 4.5 पीपीएमच्या खाली आलं तर फवारणीचा विचार करा.

पेरभातात मी सगळ्यात आधी लोहच बघतो. चिखलणीच्या भातात पाणी साचून राहतं, जमिनीत हवा नसते आणि लोह विरघळून मुळांना मिळतं, पण उंचावरच्या जमिनीत हवा खेळती असल्यामुळे तेच लोह अडकून बसतं, चुनखडीची जमीन असेल तर जास्तच, आणि मग जमिनीत एकूण लोह भरपूर असूनही नवीन पानं शिरा सोडून पिवळी पडतात. गहू, सातू मुळांतून लोह ओढून घेणारं द्रव्य बऱ्यापैकी सोडतात, भात ते फारच कमी सोडतो. वाणावाणांत फरक पडतो तो इथेच, एकाच वावरात एक वाण पिवळा आणि शेजारचा हिरवागार असं दिसतं. जमिनीतून फेरस सल्फेट टाकलं तर तेही लवकर अडकतं म्हणून इथे फवारणीच चांगली. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, द्रावण ताजंच वापरायचं, तांबूस झालं की फेकून द्या. लोह जुन्या पानातून नव्या पानात फारसं जात नाही, त्यामुळे एका फवारणीत भागत नाही, 8-10 दिवसांनी परत दोनतीनदा करावी लागते.

जस्ताचं उलटं, त्याला जमिनीतून हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट पेरणीआधी दिलेलं बरं, फक्त स्फुरदाच्या खतात मिसळू नका. ते राहून गेलं आणि दोनतीन आठवड्यांच्या पिकात खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले तर लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, नाहीतर पानं करपतात. लोंब्या आल्यावर जस्त फवारलं तर दाण्यातलं जस्त वाढतं, खाणाऱ्यासाठी ते फार मोलाचं आहे, पण वजन वाढेल म्हणून करत असाल तर उशीर झालेला असतो.

आणि हो, एक टन दाण्यात जस्त जेमतेम 20-30 ग्रॅम असतं म्हणून ते पानातून पुरवता येतं, नत्र लागतं किलोंमध्ये, ते नुसतं फवारून भागत नाही. तण माजलंय, पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या आधी) पाण्याचा ताण बसलाय, अशा वेळी महागडं मिक्स मारून काही होत नाही, आधी निंदणी करा.

फवारताना मधे एक पट्टा कोरा सोडा आणि त्याची मळणी वेगळी करून वजन घ्या, तुमच्या वाणाला फायदा झाला का ते त्यातूनच कळेल.