करारनाम्यातल्या लांबलचक वाक्यात क्रियापद कसं ओळखायचं?

तुम्ही साठेखतातलं (घरविक्रीच्या आधी होणाऱ्या करारातलं) हे वाक्य दिलंय: ‘ताबा घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत बाकी रक्कम न भरल्यास लिहून घेणार यांचा हक्क संपुष्टात येईल व लिहून देणार यांना नोटीस देऊन घर रिकामे करून घेता येईल.’ आणि यात सात क्रियापदं मोजलीत. खरी क्रियापदं दोनच आहेत, दोन्ही ‘येईल’पाशी.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांची खतं वाचून द्यायचं काम मी करतो. मोडी कागदात विरामचिन्हं जवळजवळ नसतातच, त्यामुळे वाक्य कुठे पुरं झालं हे क्रियापदावरूनच धरावं लागतं. माझी कसोटी साधी आहे: ‘हक्क’चं आणि ‘घर’चं अनेकवचन करून पाहा. दोन्हीकडे ‘येईल’चं ‘येतील’ होतं. ‘घेतल्यापासून’, ‘भरल्यास’, ‘देऊन’ ढिम्म हलत नाहीत. ती धातुसाधितं, म्हणजे धातूपासून बनलेले पण क्रियापद नसलेले शब्द. ‘भरल्यास’मध्ये ‘भरली तर’ अशी अट दडलेली असते, म्हणून अर्थाला ते फार महत्त्वाचं, पण वाक्य ते पुरं करत नाही.

‘-णार’ मात्र फसवतं. ‘लिहून घेणार’ म्हणजे खरेदीदार (आणि ‘लिहून देणार’ म्हणजे विक्रेता), ते नाम झालंय. पुढे ‘यांचा’ लागलाय ना! पण संविधानाच्या अनुच्छेद 14 मध्ये राज्य कायद्यापुढील समानता ‘नाकारणार नाही’ असं म्हटलंय, तिथे तेच ‘-णार’ क्रियापदाचा भाग आहे.

‘संपुष्टात येईल’ला शाळेचं व्याकरण संयुक्त क्रियापद म्हणणार नाही, कारण ‘संपुष्टात’ धातुसाधित नाही. तरी अधोरेखित करताना दोन्ही शब्द एकत्रच घ्या. ‘करून घेता येईल’ अखंड ठेवा, कायद्याचं सगळं वजन त्याच्या शेपटीत आहे. ‘घेता येईल’ने विक्रेत्याला मुभा मिळते, तिथे ‘घ्यावे लागेल’ लिहिलं की तेच त्याच्यावर बंधन होतं.

आता ‘लिहून देणार यांना’ कुणाशी जोडायचं? ‘येईल’शी जोडलं तर घर रिकामं करून घेणारा विक्रेता; ‘देऊन’शी जोडलं तर नोटीस विक्रेत्यालाच! संदर्भाने पहिला अर्थ बरोबर, पण कोर्टात वाद घालायला एवढी फट पुरते. करारावर अजून सह्या झाल्या नसतील तर वकिलांना सांगून असं बदलून घ्या: ‘लिहून देणार हे लिहून घेणार यांना नोटीस देऊन घर रिकामे करून घेऊ शकतील.’