उत्तर: विनारासायनिक ज्वारी दिवाळीपर्यंत गोदामात ठेवावी का?

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. पाच घरांचा पीजीएस गट (म्हणजे एकमेकांची शेतं तपासून सेंद्रिय प्रमाणपत्र देणारे शेतकरी), ३० क्विंटल मालदांडी ज्वारी उरलीय, पुण्याची गिऱ्हाइकं म्हणतात दिवाळीत घेऊ, मग तोवर गोदामात टाकावी का? २०२१ साली आम्ही नेमकं हेच केलं होतं. माझं सरळ मत सांगते, टाकू नका. आणि टाकायचीच असेल तर आधी हे वाचा.

प्रमाणपत्र, गटाच्या बैठका, शेताच्या नोंदी यातलं तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही.

आमची ४२ पोती होती, ५० किलोची. घरी जागा नव्हती, पावसाळा तोंडावर आला होता. तालुक्याच्या गावी एका गोदामात माल लावला, पावती घेतली आणि निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी पहिली ऑर्डर आली म्हणून पोती काढायला गेले. थप्पीच्या बुडाशी, दोन पोत्यांच्या फटीत, राखेसारखी करडी भुकटी पडलेली. वास लसणासारखा. मला वाटलं उंदराचं औषध असेल. हमालाला विचारलं तर तो म्हणाला, "गोळ्यांची राख आहे, ताई."

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. थप्पीवर ताडपत्री टाकून, कडा दाबून, आठवडाभर धुरी दिलेली, म्हणजे गोळ्यांच्या विषारी वायूने कीड मारलेली. गोदामवाल्याशी भांडले तर त्याने पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं की साठवलेल्या मालाचे वेळोवेळी धुरीकरण केले जाईल. खाली सही माझीच. "कीड लागली तर तुम्हीच भांडायला येता," तो म्हणाला. त्याच्या जागी तो बरोबरच होता. तरी माल लावताना मी चार वेळा "आमचा माल विनाखताचा, विनाऔषधाचा आहे" असं सांगितलं होतं, तेव्हा मान डोलवण्याऐवजी एक शब्द बोलला असता तर आमचं वर्ष वाचलं असतं. याचा राग अजून जात नाही.

गैरसमज नको. धुरी दिलेलं धान्य विषारी असतं असं मी म्हणत नाही. नीट हवा दिली की वायू उडून जातो, आणि साठवणीतलं पुष्कळ धान्य असंच टिकवलं जातं. पण आम्ही लोकांना "पेरणीपासून पोत्यापर्यंत काही मारलेलं नाही" असं सांगून विकत होतो. ते आता खोटं झालं होतं. गटाला त्याच दिवशी सांगितलं, शेताचं प्रमाणपत्र कायम राहिलं, पण तो माल अडत्याला साध्या भावात गेला. किलोमागे २५ रुपये कमी, म्हणजे २१ क्विंटलला ५२,५०० रुपये. त्यातली १६ पोती गटातल्या दुसऱ्या एका घराची होती. त्यांनी पुढच्या हंगामात ज्वारीच्या रानात ऊस लावला. परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारं पीक गेलं आणि बारा-चौदा महिने पाणी पिणारं आलं. मी त्यांना काय तोंडाने अडवणार?

म्हणून गिऱ्हाइकांशी स्पष्ट बोला. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ऑक्टोबरात पांढरीशुभ्र, टपोरी आणि एकही किडा नसलेली हवी असेल तर मधल्या पावसाळ्यात बहुधा तिला कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. हे त्यांना माहीत नसतं, आपणही सांगत नाही. ज्यांना खरंच विनाऔषधाची हवी आहे त्यांनी एप्रिलच्या आत घ्यावी, घरी दोन उन्हं द्यावीत, डब्यात कडुनिंबाचा वाळला पाला घालावा. चार सोंडे (धान्यातले किडे) निघाले तर चाळून टाकावेत. आम्ही आता फेब्रुवारीतच वही उघडतो, निम्मे पैसे आगाऊ घेतो, आणि जेवढं नाव लिहिलं तेवढंच राखतो.

उरलेल्या मालासाठी हवाबंद पिशव्या वापरतो. आतला प्राणवायू संपतो आणि कीड आपोआप मरते. पण दाणा कडक वाळलेला हवा, ओल १२ टक्क्यांच्या खाली. दाताखाली कट्‍ट आवाज आला पाहिजे. उंदराने पिशवी कुरतडली की सगळं फुकट, तेव्हा लोखंडी पिंप असेल तर उत्तम.

गोदामाशिवाय गत्यंतरच नसेल तर वेगळी खोली मागा आणि "धुरी देऊ नये" हे पावतीवर त्यांच्या हातून लिहून घ्या. तोंडी नको. ठेवलेल्या मालावर तारण कर्ज हवं असेल तर गोदामाच्या अटी आधी विचारा. तिथे बहुधा धुरी चुकत नाही. नियम बदलतात, तुमच्या भागातलं तुम्ही तपासा, मी फक्त आमचं सांगतेय.

आणि कळकळीची विनंती, कुणी सुचवलं म्हणून त्या गोळ्या घरातल्या कोठीत कधी टाकू नका. बंद खोलीत त्या वायूने झोपेत माणसं दगावली आहेत.

तुमच्या ३० क्विंटलपैकी किती जणांनी पैसे भरलेत ते लिहा. आमच्या यादीत यंदा मागणी जास्त आहे. पाच-सहा क्विंटल थेट तुमच्याकडून घ्यायला सांगू शकते, पण पोती अजून घरीच असतील तरच.