मधुमेह असलेल्या वडिलांना संध्याकाळच्या भुकेला काय द्यावे?

आपण लिहिले आहे की वडील ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या घेतात, चार-पाचच्या सुमारास त्यांना कडकडून भूक लागते, आणि इंदूरात राहून पोहे, सेव, कचोरी यांच्या पलीकडे काही सुचत नाही. मी स्वतः मधुमेही असून इंदूरातच राहते, त्यामुळे ही अडचण मला नीट ठाऊक आहे.

काय खावे याआधी ती भूक कसली आहे हे पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ग्लिमेपिराइडमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन जास्त स्रवते, आणि दुपारचे जेवण उशिरा किंवा कमी झाले तर साखर एकदम खाली येऊ शकते. भुकेबरोबर घाम, हातांची थरथर किंवा छातीत धडधड होत असेल तर लगेच ग्लुकोमीटरवर तपासावे. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर वर आल्यावरच खाणे द्यावे. अशा वेळी शेंगदाणे किंवा चणे हातावर ठेवू नयेत, कारण त्यांतून साखर फार हळू चढते. असे वारंवार घडत असेल तर खाणे वाढवत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून गोळीची मात्रा तपासून घ्यावी.

आकडा ठीक असेल तर भूक साधीच आहे, आणि तिच्यासाठी घरातले पदार्थ पुरेसे आहेत. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, फुटाण्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सोबत बिनसाखरेचे ताक घेतले की रात्रीच्या जेवणापर्यंत पोटाला आधार राहतो. पेरू चिरून द्यावा, त्याचा रस काढू नये. रस गाळला की तंतू मागे राहतात आणि साखर तेवढी पोटात जाते.

पोहे बंद करण्याची गरज नाही, पण आपल्याकडची बशी जरा निरखून पाहावी: वाफेवर ठेवलेले मऊ पोहे, त्यांवर मूठभर सेव, जीरावन हा इंदुरी मसाला, आणि शेजारी जिलबी. यातली जिलबी सर्वांत आधी वगळावी. घरी करताना मी पोहे नेहमीच्या निम्मे घेते आणि तितकेच वाफवलेले मोडाचे मूग फोडणीत परतून त्यांत मिसळते. वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि चवीपुरती चिमूटभर सेव. जीरावनात मीठ असते, म्हणून वडिलांना रक्तदाबही असेल तर तो हात आखडूनच घालावा. भुट्ट्याचा कीसही चालतो, मात्र मका हा पिष्टमय पदार्थ आहे आणि किसात दूधही पडते, तेव्हा लहान वाटीभरच द्यावा आणि त्या दिवशी रात्रीची एक पोळी कमी करावी.

साबुदाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि उपवासाचा म्हणून तो मधुमेहात हलका ठरत नाही. एकादशीला दही, थोडे शेंगदाणे आणि पेरू बरे. पण ग्लिमेपिराइड चालू असताना उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारणे आवश्यक आहे. तसेच ‘शुगर फ्री’ बिस्किटांवर विसंबू नये. साखर नसली तरी त्यांत बहुधा मैदा असतोच, म्हणून पाकिटावर एकूण कार्बोहायड्रेटचा आकडा वाचावा. गूळ आणि मध यांनीही साखर वाढतेच.

सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खाण्याची वेळ हीसुद्धा एक अडचण आहे. जेवण झाल्यावर रात्री दहा वाजता तळलेले गराडू (एक पिष्टमय कंद) खाणे म्हणजे दुसरे जेवणच झाले. घरचे सगळे जाणार असतील तर वडिलांनीही अवश्य जावे, पण त्या रात्री घरचे जेवण हलके ठेवावे आणि एका बशीत दोघांनी खावे.

कोणता पदार्थ वडिलांना मानवतो हे पाहण्यासाठी खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर मोजावी. मधुमेही प्रौढांसाठी खाण्यानंतरचा आकडा सहसा १८०च्या आत असावा असे मानतात, तरी वडिलांचे वय पाहून डॉक्टर वेगळी मर्यादा सांगू शकतात. त्यांचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेले असेल, तर फुटाणे, शेंगदाणे आणि मोडाची कडधान्ये किती द्यावीत हेही डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.