तबल्याचा डग्गा घुमतो, बोल कळत नाहीत. इक्वलायझरची कुठली पट्टी सरकवू?

तुम्ही लिहिलंय की खानापूरचं जुनं घर, 10 बाय 12 ची खोली, शहाबादी फरशी आणि दोन्ही स्पीकर भिंतीतल्या कोनाड्यांत. अहो, मग इक्वलायझरला, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांना, हात लावायच्या आधी स्पीकर तिथून बाहेर काढा. खालचे सूर स्पीकरच्या मागेही तेवढेच पसरतात. भिंत लगत असली की ते उलटून पुढच्या आवाजात मिसळतात आणि 6 डेसिबलपर्यंत वाढ होते. कोनाड्यात तर तिन्ही बाजूंनी भिंतच.

दोन उंच स्टुलं घ्या आणि स्पीकर 10 फुटी भिंतीसमोर, तिच्यापासून दीड-दोन फूट पुढे मांडा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं प्रत्येकापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा. पाठ मात्र मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथं खालचा आवाज साचतो. फरशीवर जाजम घाला, पण त्यानं वरचा कर्कशपणा निवेल, डग्गा नाही. मिरगानंतर खिडक्या बंद झाल्या की घुमणं आणखी वाढतं, तेही ध्यानात असू द्या.

आता इक्वलायझर. 12 फूट लांबीला सुमारे 47 हर्ट्झ आणि 10 फुटाला 56 हर्ट्झ हे सूर भिंतींमध्ये आपटून खोलीत उभे राहतात, म्हणजे तिथंच साचून फुगतात, त्यांच्या दुप्पट 94 आणि 112 सुद्धा. डग्गा ह्याच भागात वाजतो. मोबाइलवर टोन जनरेटर, म्हणजे हवा तो एकच सूर वाजवणारं अॅप, घेऊन हळू आवाजात 40 ते 150 हर्ट्झ सावकाश फिरवा. जिथं अचानक फुगेल तिथं अरुंद पट्टा 4-5 डेसिबल खाली ओढा. दहा पट्ट्यांचाच इक्वलायझर असेल तर 125 हर्ट्झची पट्टी 3 डेसिबलनं उतरवा, तरीही गळा गढूळ वाटला तर 250 ची थोडीशी. जिथं आवाज गायब होतो तिथं वाढवत बसू नका. तिथं लाटा एकमेकींना खातात. 6 डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरला चौपट ताकद लागते आणि पदरात काहीच पडत नाही. दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली अशी हसरी मांडणी सगळे करतात, ती मला अजिबात पटत नाही. गाणारा माणूस मागच्या खोलीत जातो.

तपासायला आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले गायक कुमार गंधर्व लावा. तंबोऱ्याचे सूर सुटे ऐकू येतात का, आणि गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधून येतो का, ते बघा. आधी-नंतर ताडून बघताना व्हॉल्यूम सारखा करून घ्या, कारण पट्टी उतरवली की एकूण आवाज कमी होतो आणि कानाला मोठा आवाजच बरा वाटतो.