तोल आधी, प्रॉपेलर शेवटी

रेडिओ-नियंत्रित विमानांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जोडणीच्या आणि पहिल्या उड्डाणाच्या आधीच्या तयारीची आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पहिल्याच दिवशी पडलेल्या विमानांत उडवणाऱ्याच्या हाताचा दोष वाटतो त्याहून कमी असतो. बहुतेकदा कारण टेबलावरच राहून गेलेलं असतं.

प्रश्न : फोमचं, वरच्या पंखाचं शिकाऊ विमान सुट्या भागांत घेतलं आहे. सुरुवात कुठून करू? आणि चिकटवायला कोणता गोंद वापरू?

सुरुवात सर्व्होंपासून, म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींपासून करा, आणि तीही ते विमानात बसवण्याआधी. सर्व्हो रिसीव्हरला (रिमोटचे संकेत घेणाऱ्या विमानातल्या डबीला) जोडा, रिमोटवरचे सगळे ट्रिम (स्टिक न हलवता पट्टी किंचित वळवणारी बटणं) शून्यावर आणा आणि सर्व्होला मध्यावर येऊ द्या. मग त्याचा हात पट्टीकडे जाणाऱ्या सळईशी काटकोनात येईल असा बसवा. हे आधी केलं नाही, तर पुढे एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी) वर जास्त आणि खाली कमी हलतो. मग लोक तो फरक रिमोटमधल्या आकड्यांनी झाकत बसतात. सळईची लांबी फिरवून जुळवता येते, ती तिथेच जुळवा. रिमोटमधली दुरुस्ती शेवटच्या केसभर फरकासाठी राखून ठेवा.

गोंदाचं म्हणाल, तर पांढऱ्या थर्मोकोलसारख्या फोमवर साधा झटपट गोंद टाकू नका, तो फोम खातो. फोमसाठी बनवलेला झटपट गोंद वेगळा मिळतो. पंखाचा सांधा आणि मोटरची बैठक यांना मी दोन भागांचा इपॉक्सीच वापरतो, आणि तोही पाच मिनिटांत आवळणारा नव्हे, तर तीस मिनिटांचा. त्या अर्ध्या तासात भाग सरळ आहे की नाही हे निवांत पाहता येतं.

सरळपणा डोळ्यांनी पाहू नका, दोऱ्याने मोजा. उजव्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि डाव्या बाजूचं अंतर सारखं भरलं पाहिजे. मग मागे उभे राहून पंख आणि आडवी शेपूट एकमेकींना समांतर आहेत ना, ते पाहा. गोंद ओला असतानाच हे करायचं.

प्रश्न : सोबतच्या कागदावर तोलाची जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून 60 मिलिमीटर दिली आहे. माझं विमान 75 मिलिमीटरवर तोललं जातं. एवढ्याशा फरकाने काय होणार? ट्रिम देऊन भागणार नाही का?

नाही भागणार. कृपा करून या अवस्थेत ते उडवू नका.

तुमच्या पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी 200 मिलिमीटर आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे 60 मिलिमीटर ही जागा रुंदीच्या 30 टक्क्यांवर आली. साध्या सरळ पंखाच्या शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे हीच तोलाची जागा, साधारण 25 ते 33 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. तुमचा 37.5 टक्क्यांवर आहे. गुरुत्वमध्य पुढे असला की वाऱ्याच्या झुळकीने नाक वर गेलं तरी विमान आपणहून नाक खाली आणतं. तो जसजसा मागे सरकतो तसतशी ही सवय सुटत जाते. एका मर्यादेपलीकडे उलटंच होतं : नाक जरा उचललं की ते आणखी उचललं जातं. मग स्टिकला स्पर्श केला तरी विमान उसळतं, वेग जातो, एक पंख कोसळतो, आणि सावरायला उंची उरत नाही.

ट्रिममुळे एका ठरावीक वेगाला विमान सरळ जाऊ शकेल, पण स्थिरता ट्रिममधून येत नाही. ती वजन कुठे आहे त्यावरूनच येते.

आता उपाय. आधी बॅटरी पुढे सरकवा, त्याला एक ग्रॅमही जास्त लागत नाही. तुमचं विमान 900 ग्रॅमचं आणि बॅटरी 180 ग्रॅमची आहे. तोल 15 मिलिमीटर पुढे आणायचा, तर 900 गुणिले 15 भागिले 180, म्हणजे बॅटरी 75 मिलिमीटर पुढे न्यावी लागेल. एवढी जागा आत आहे का, ते बघा. फोम थोडा कोरून जागा होत असेल तर जरूर कोरा, फक्त मोटरच्या बैठकीला धक्का लावू नका.

जागा नसेलच, तर नाकात शिसं ठेवावं लागेल. तोलाच्या जागेपासून नाक 250 मिलिमीटर पुढे असेल, तर हाच हिशेब 54 ग्रॅम सांगतो. ते नुसतं टेपने लावू नका, चिकटवून पक्कं करा. उड्डाणात शिसं सुटून मागे घरंगळलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी शेपटीकडच्या गोंदाबाबत कंजूष आहे. शेपूट तोलापासून नाकाच्या दुप्पट लांब असेल, तर तिथे लागलेल्या जादा 10 ग्रॅम गोंदासाठी पुढे 20 ग्रॅम भरावे लागतात. रंग आणि स्टिकर यांनाही हाच नियम.

तपासताना विमान उड्डाणाला निघेल तसं पूर्ण तयार हवं : बॅटरी जागेवर पण न जोडलेली, प्रॉपेलर बसवलेला, झाकण लावलेलं. पंखाखाली दोन्ही बाजूंना धडाजवळ खुणा करा आणि त्यांवर बोटं टेकवून उचला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. पहिल्या उड्डाणाला नाक थोडं जड चालतं, शेपूट अजिबात नाही. खालच्या पंखाचं विमान असेल तर ते उलटं धरून तोलायचं. आणि पंखांचा आपापसातला तोलही एकदा बघा : एक बोट नाकाच्या टोकाखाली, एक शेपटीखाली. एकच पंख सारखा खाली येत असेल, तर दुसऱ्याच्या टोकाला थोडं वजन द्या.

प्रश्न : मी दहावीत आहे. रिमोटची स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जायला हवा की खाली? मामा म्हणतात खाली, मला वाटतं वर.

तुझं बरोबर आहे, वर. उजवा एलेरॉन वर गेला की उजव्या पंखाची उचल कमी होते, डावा खाली गेल्याने डाव्या पंखाची वाढते, आणि विमान उजवीकडे कलतं. लक्षात ठेवायला सोपं असं की स्टिक ज्या बाजूला झुकते त्या बाजूचा एलेरॉन उभा राहतो. एलिव्हेटरसाठी स्टिक स्वतःकडे ओढली की तो वर, आणि रडरसाठी (उभ्या शेपटीची हलती पट्टी) स्टिक उजवीकडे तर मागची कडही उजवीकडे.

हे सगळं विमानाच्या मागे उभं राहूनच बघ. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटतं आणि चांगले अनुभवी लोकही फसतात. मामांना मागे उभं करून दाखव, त्यांना लगेच पटेल. आणि एकदा तपासलं म्हणून झालं असं समजू नकोस. पंख काढून परत लावला की सर्व्होच्या वायरी अदलाबदल होऊ शकतात, म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी तिन्ही हालचाली बघायच्या.

प्रश्न : मोटर किंचित खाली आणि उजवीकडे वाकलेली दिसते. कारखान्यातली चूक वाटते. सरळ करू का?

तिला हात लावू नका. तो कोन मुद्दाम दिलेला असतो, बहुधा दोन-तीन अंशांचा. प्रॉपेलरच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढलं जातं, त्यावर उजवा कोन. आणि जोर वाढवला की नाक वर जातं, त्यावर खालचा कोन.

प्रश्न : मोटर उलटी फिरते, आणि प्रॉपेलर लावला की सगळं विमान थरथरतं.

तुमच्या ब्रशलेस (तीन वायरींच्या) मोटरच्या वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा, दिशा फिरेल. हे प्रॉपेलर काढून करा. किंबहुना टेबलावर बॅटरी जोडायची असेल तेव्हा प्रॉपेलर विमानावर असताच कामा नये. तो बोट कापतो, आणि रिमोटला चुकून धक्का लागला तरी तो फिरू लागतो. याबाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही, मोठ्यांनाही नाही.

थरथरीचं कारण बहुधा प्रॉपेलरचा तोल. आडव्या पिनेवर फिरवून बघा. जड पातं खाली येतं. हलक्या पात्याच्या मागच्या बाजूला टेपचा तुकडा लावला की पुरतं. अक्षरं छापलेली बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला हवी. कडेला चीर गेली असेल, तर तो प्रॉपेलर टाकून द्या.

प्रश्न : तीन सेलची 2200 एमएएचची (म्हणजे 2.2 अँपिअर-तासांची) लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आहे. किती मिनिटं उडवू?

नेहमी 80 टक्केच वापरायची, म्हणजे 1.76 अँपिअर-तास. सरासरी 12 अँपिअर खाल्ले तर पावणेनऊ मिनिटं येतात. पण तुमचा खरा खप अजून माहीत नाही, तेव्हा घड्याळ पाच मिनिटांवर लावा. उतरल्यावर चार्जरने किती भरली ते बघा आणि मग वेळ वाढवा. चार्जिंग 2.2 अँपिअरने, समोर बसून. पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट. काही दिवस उडवणार नसाल, तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

प्रश्न : रिसीव्हरमध्येच विमान कललं की पट्ट्या आपोआप हलवून त्याला स्थिर ठेवणारा जायरो आहे. मग एवढी तपासणी कशाला?

जायरो असला की एक तपासणी वाढते. तो उलटा बसला असेल तर कलणाऱ्या विमानाला आणखी कलवतो, आणि हे स्टिक हलवून कळत नाही. विमान हातात धरून उजवा पंख खाली करा : उजवा एलेरॉन खाली जायला हवा. नाक खाली करा : एलिव्हेटर वर जायला हवा. नाक उजवीकडे वळवा : रडर डावीकडे. यातलं काही उलटं दिसलं, तर दुरुस्ती जायरोच्या सेटिंगमध्येच करायची. रिमोटवर चॅनल उलटवला तर स्टिक बिघडेल आणि जायरो चूकच राहील.

मग रिमोटचा पल्ला तपासायला जोडीदाराला विमान धरायला सांगा, रिमोट कमी शक्तीच्या चाचणीवर ठेवून चालत दूर जा आणि पंखांच्या पट्ट्या विनाअडथळा हलतात का बघा. त्यानंतर प्रॉपेलर काढलेल्या अवस्थेत मोटर हळू फिरवून रिमोट बंद करा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. थांबली नाही, तर फेलसेफ (संकेत तुटला की मोटर थांबवणारी सोय) पुन्हा लावा आणि तो नीट होईपर्यंत मैदानावर जाऊ नका. मैदानावर पोचलात की रिमोट आधी चालू, विमानाची बॅटरी नंतर. बंद करताना आधी विमान, मग रिमोट. पहिलं उड्डाण वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या तोंडावर, आणि उंची गाठेपर्यंत ट्रिमला हात न लावता.